शंभर फील्ड

६ जानेवारी
आज कामावर परत गेलो. ती गेल्याला नऊ आठवडे झाले. टेबल पुसलेलं होतं, मायक्रोस्कोपवर झाकण. डॉक्टर म्हणाले, "हळूहळू करा, घाई नाही." आमच्या क्षय केंद्रात घाई नाही असं कधी झालंय! दुपारपर्यंत अठरा स्लाइड वाचल्या. पाचांत जंतू. निळ्यावर लाल बारीक काड्या. सव्वीस वर्षं हेच पाहतोय. याच काड्यांनी माझी बायको नेली.

७ जानेवारी
चपला काढता काढता सवयीने "आलो गं" म्हणालो. आतून मुलगी म्हणाली, "या."

९ जानेवारी
पेशंट माझ्या खिडकीबाहेरच्या बाकावर बसतात. दिवसभर खोकला चालू. मला तो ऐकूच येत नसे — पंख्याचा आवाज कुणाला ऐकू येतो? आज एक ऐकू आला. दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी दमून "आई गं". हुबेहूब तिचा! उठून बाहेर गेलो. बाकावर एक म्हातारा सुतार एकटाच. "काय साहेब, माझा नंबर आला का?" म्हटलं, "नाही, बसा." आत येऊन तीच स्लाइड पुन्हा पहिल्यापासून मोजली.

११ जानेवारी
तिची थोरली बहीण आली होती. अक्काच्या पोटात काही राहत नाही. जेवता जेवता म्हणाली, "साऱ्या जगाचे जंतू शोधता तुम्ही. घरातले तेवढे दिसले नाहीत! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." मुलगी ताटावरून उठून गेली. अक्का हळू आवाजात म्हणाली, "पोर बघा कशी वाळलीय. आईचं मनाला लावून घेतलंय तिनं."

अक्काला सगळं माहीत नाही. कुणालाच नाही. इथे लिहितो.

ऑगस्टमध्ये ती खोकायला लागली तेव्हा तिचा बेडका मीच तपासला होता. जंतू नाहीत असं मीच लिहिलं. मग खोकल्याची बाटली आणली. ती संपली, दुसरी आणली. ऑक्टोबर संपता संपता तिला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या स्लाइडवर जंतू मोजायची गरजच नव्हती. माळावर गवत असावं तसे होते. नवव्या दिवशी ती गेली.

१३ जानेवारी
ती डबीची सकाळ डोक्यातून जात नाही.

आदल्या रात्री तिला बेडक्यासाठी डबी देऊन ठेवली होती. सकाळी बघतो तर नुसता फेस. मी चिडलो. "ही लाळ आहे. मला बेडका हवा, छातीतून आलेला. शाळेची पायरी न चढलेली माणसं रोज नीट आणून देतात आणि माझ्या बायकोला जमत नाही?"

"अहो, येतच नाही. कोरडाच आहे. आणि ते तुम्ही भिंगातून बघणार! मला लाज वाटते."

मी हसलो नाही. हसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी डबी भरलेली. घट्ट, पिवळसर. म्हटलं, "शाब्बास! नमुना असावा तर असा." ती खाली मान घालून हसली. त्यानंतर मी तिचं कधी कौतुक केलं का, आठवून पाहतोय. आठवत नाही.

नियम दोन नमुन्यांचा. घरचं म्हणून एकावर भागवलं.

१६ जानेवारी
केंद्रात झाडलोट करणाऱ्या मावशी दोन पेट्या घेऊन आल्या. "साहेब, ऑगस्टच्या स्लाइडी. टाकायच्या का?"

आमच्याकडे वाचलेली स्लाइड लगेच टाकत नाहीत. निरीक्षक येतात, त्यातल्या काही उचलून पुन्हा तपासतात. मगच बाकीच्या जातात. मी रजेवर असताना ते येऊन गेले. तिची त्यांनी उचलली नव्हती.

"राहू द्या."
"कपाटात जागा कुठाय? माझ्या डोक्यावर ठेवू का?"
"राहू द्या म्हटलं ना मावशी."

तिचा क्रमांक ४१७.

१७ जानेवारी
पेटी उघडली नाही.

१८ जानेवारी
उघडली. ४१७ जागेवर आहे. बंद केली.

१९ जानेवारी
जंतू नाहीत असं लिहायचं तर शंभर फील्ड पाहावी लागतात. म्हणजे भिंगाखाली स्लाइड जराशी सरकवायची, पाहायचं, पुन्हा सरकवायची — अशी शंभर वेळा. नव्या मुलांना मीच शिकवतो. नव्व्याण्णववर थांबलात तर घरी जा, असं सांगतो.

त्या दिवशी मी किती पाहिली? साठ? सत्तर? आकडा आठवत नाही. मला काही दिसायला नको होतं — एवढं पक्कं आठवतं.

२० जानेवारी
मुलीला नोकरीचं पत्र आलं. दुसऱ्या शहरात. एक तारखेला रुजू व्हायचं. चार मुलींची एक खोली. बरं झालं. या घरात तिने का कुढावं?

"बाबा, तुमच्या जेवणाचं काय?"
"मला भात येतो."
"भात येतो आणि चहा येतो. झाला स्वयंपाक!"

कितीतरी दिवसांनी हसली.

तिची तपासणी मात्र राहिलीय. घरात एकाला क्षय निघाला की बाकीच्यांनी तपासून घ्यायचं असतं. मी छातीचा फोटो काढला, स्वच्छ आला. ती "नंतर बघू" म्हणते. दिलेली डबी फडताळात तशीच कोरी. आई गेल्यावर पोरीला ती हातात धरवत नसेल. मी जोर केला नाही.

२२ जानेवारी
वाचली.

रंग फिका पडला होता. आधी पुन्हा रंग दिला, धुतली, वाळवली. तेलाचा थेंब टाकला. सगळे जेवायला गेले होते.

पन्नासपर्यंत काही नाही. साठपर्यंत नाही. देवा, नसू देत, असं म्हणत होतो. चौसष्टाव्यात एक. लाल, किंचित वाकडा. भिंग खालीवर करून पाहिलं, रंगाचा डाग असेल म्हणून. डाग नव्हता. ब्याऐंशीव्यात दोन, एकमेकांना चिकटून. शंभर पुरी केली.

तीन.

नोंदवहीत अशा वेळी 'अल्प' लिहितात. अल्प असले तरी जंतूच! दुसऱ्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या असत्या. सहा महिन्यांच्या. या फेब्रुवारीत संपल्या असत्या. ती कुरकुरली असती गोळ्या मोठ्या आहेत म्हणून.

मावशी दारात कधी आल्या कळलं नाही. "साहेब, काय झालं हो डोळ्यांना?"
"तेल गेलं."
"सव्वीस वर्षांत गेलं नाही ते!" आणि मग त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं.

२३ जानेवारी
मुलीला सांगितलं. दोन शब्दांतच सांगायचं ठरवलं होतं, पण बोलत सुटलो. आईच्या स्लाइडवर जंतू होते. मला दिसले नाहीत. मी शंभर मोजली नाहीत. आई माझ्यामुळे गेली. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस.

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. एवढंच विचारलं, "कुठल्या स्लाइडवर?"
"ऑगस्टच्या."
"त्या डबीतल्या?"
"हो."

पांढरीफटक पडली. खोलीत गेली, आतून कडी लावली. दोनदा हाक मारली. कडी उघडली नाही.

म्हणजे आता ही पण गेली मला सोडून.

२४ जानेवारी
सकाळी दाढी करत होतो. ती दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, ती डबी आईची नव्हती. तिला येतच नव्हतं. तुम्ही परत रागावाल म्हणून घाबरली होती. मला तेव्हा सर्दी-खोकला होता ना. म्हणाली, तूच भर गं. एकाच घरातला खोकला, तुझा काय नि माझा काय!"

मी आरशातच बघत राहिलो.

"माझ्यामुळे तुमचा निकाल चुकला, आई गेली, असं वाटायचं मला. म्हणून बोलले नाही."

ते तीन जंतू हिच्या छातीतले. पाच महिने झाले.

विचारलं, "अजून येतो खोकला?"
"येतो. नळ सोडून खोकते."

अर्धी दाढी तशीच ठेवली. तिला घेऊन निघालो.