कालव्यापलीकडच्या स्टेशनासाठी माझा हिस्सा

मी, खाली सही करणारी, अविवाहित, नोकरी करणारी, घरातली पहिली पदवीधर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. माझे मन ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसे खाली लिहिले आहे. सोमवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. त्यातून मी उठले नाही, तर घरातला माझा हिस्सा आपोआप आईकडे आणि तिच्या हातून दादाकडे जाऊ नये, एवढ्यासाठी हा कागद.

१. बँकेतली शिल्लक आणि कानातले आईला. माझ्या खोलीत तिने हयातभर राहावे. तिला कोणी उठवू नये.

२. वडील गवंडी होते. त्यांची थापी आणि ओळंबा दादाला. तो फरशी बसवतो. हत्यारे वापरणाऱ्याकडेच असावीत. माझा राग हत्यारांवर नाही.

३. रहिवासी समितीच्या अध्यक्षांना काही देत नाही. माझी भाषणे त्यांनी आधीच स्वतःच्या नावावर वाचून घेतली आहेत.

४. आता घर. वडिलांनी ते दादाच्या आणि माझ्या नावे निम्मे-निम्मे केले. मेट्रो आमच्या उपनगरात येणार हे ठरले होते. वाद होता तो ती इथेच थांबावी की कालवा ओलांडून पलीकडच्या वस्तीपर्यंत जावी, याचा. पलीकडे गेली तर आमचे स्टेशन मैदानाच्या कडेला होईल. इथेच संपली तर ते आमच्या कोपऱ्यावर येईल, जिन्याला आमचे अंगण लागेल, आणि गल्लीतल्या घरांचे भाव चढतील.

जनसुनावणी कामाच्या दिवशी ठेवली होती. पलीकडच्या वस्तीतल्या बायकांना कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही. त्यांच्यातल्या शिलाईवाल्या मावशींनी मला विचारले, "आमच्या वतीने उभी राहशील ना गं?" मी गल्लीची बैठक घेतली. सगळ्यांनी, दादानेही, सुनावणीत उभे राहायचा शब्द दिला. अधिकाऱ्यांनी पुकारले, "लांब मार्गाला पाठिंबा असणाऱ्यांनी उभे राहावे." मी उभी राहिले. मागे वळून पाहिले तर अख्खी गल्ली खुर्च्यांना चिकटलेली. दादा मोबाइलमध्ये डोके घालून. आईने माझी ओढणी ओढली. "बस गं खाली, सगळे बघतायत."

घरी आल्यावर कळले. अध्यक्षांनी आदल्या आठवड्यात घरोघरी जाऊन सगळ्यांना फिरवले होते, फक्त मला वगळून. दादाला जिन्याखालचा गाळा कबूल केला होता.

"पलीकडची माणसं आपली कोण लागतात?" दादा म्हणाला.

"त्यांना शब्द दिला होता आपण."

"तू दिलास. मग तू पाळ की! मी कुठे नको म्हणतोय?"

म्हणून पाळते आहे. स्टेशनाच्या जिन्यासाठी अंगण देण्याच्या संमतीपत्रावर दोन्ही हिस्सेदारांच्या सह्या लागतात. माझी मी केलेली नाही. माझ्यामागे माझा हिस्सा शिलाईवाल्या मावशींना मिळावा. सरकारला जबरीने घ्यायचे तर घेवो. आमच्या घरातून सहीने मिळू नये. मावशी म्हणाल्या, "मला नको बाई तुमच्या घरातलं भांडण." मी म्हटले, "भांडण माझंच आहे, मावशी. तुम्ही फक्त सही करू नका." तेवढ्याला त्या हो म्हणाल्या.

५. कालव्यापलीकडच्या स्टेशनावर पहिली गाडी थांबेल, त्या दिवशी मावशींनी हा हिस्सा दादाच्या नावे करून द्यावा. तोवर त्याने मागू नये. मला कोणाचे घर हिसकावायचे नाही.

६. साक्षीदार म्हणून आईला विचारले होते. "पोराच्या विरोधात मी सही करू?" ती म्हणाली. सभागृहात माझी ओढणी ओढताना आपण पोरीच्या विरोधात आहोत, हे तिच्या मनातही आले नव्हते. मी पुन्हा विचारले नाही.

७. मी बरी होऊन घरी आले, तर मावशींवर हा भार नको. संमतीपत्रावर सही करायला मी स्वतः नकार देईन, दादाच्या तोंडावर, आणि त्याच घरात राहीन.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोघा साक्षीदारांच्या समोर सही केली.

स्थळ: डॉक्टरांचा दवाखाना
दिनांक: ९ जून

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार:
१. आमचे डॉक्टर. सही करणारी पूर्ण शुद्धीवर असून तिला मजकूर समजलेला आहे. (सही)
२. दवाखान्यातल्या कंपाउंडर ताई. (सही)