ओंडक्यावरच्या तीन खाचा

मी, सटवाजी मरिबा पांचाळ, वय एकाहत्तर, धंदा सुतारकाम, राहणार झरी, तालुका व जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्याच दुकानात बसून लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. दारू सोडून बारा वर्षे झाली, त्यामुळे डॉक्टरचा दाखला जोडलेला नाही. माझ्यावर कुणाचा दाब नाही. दाब टाकायला घरात कुणी उरलेलेही नाही. पत्नी तानुबाई सहा वर्षांपूर्वी वारली. मला अपत्ये दोन. मुलगी सविता चारठाण्याला नांदते. मुलगा योगीराज वाळूजला एका कंपनीत यंत्रे पाठवायची लाकडी खोकी ठोकतो. याआधी मी असा कागद कधी केलेला नाही.

१. दुकानामागच्या दोन खोल्या, मोरी आणि न्हाणीघर सविताला द्यावे. आईच्या आजारपणात ती चार महिने इथे राहिली आणि सासरची बोलणी खाल्ली. योगीराजने हरकत घेऊ नये. तो घेणारही नाही, कारण हरकत घ्यायला माझ्या घराशी बोलावे लागेल.

२. बँकेत जे असेल त्यातून माझे दिवस घालावेत. उरेल ते माझी नात ऋतिका, म्हणजे योगीराजची मुलगी, हिच्या शिक्षणाला द्यावे. तिला मी एकदाच पाहिले, तानुबाईच्या दहाव्याला. ती दुकानात शिरून लाकडाचा वास घेत उभी होती. योगीराजने तिला दंडाला धरून बाहेर नेले.

३. माझा धाकटा भाऊ भुजंग याला काही द्यायचे नाही. परभणीत त्याचे रेडीमेड फर्निचरचे दुकान आहे, तिथे दाबलेल्या भुशाच्या फळ्या चकचकीत कागद लावून सागवान म्हणून विकतात. वडिलांचा लाकूड तासायचा वाकस त्याने वाटणीच्या आधीच उचलला. तोच त्याचा वाटा समजावा.

४. दुकान, त्यातली सगळी हत्यारे आणि मागच्या अंगणातली सागवानाची शेवटची थप्पी मी योगीराजला देत आहे. चार वर्षांपासून माझे हात कापतात. पाट, पोळपाट आणि खाटेचे मोडके पाय एवढेच करतो. चांगल्या लाकडाला हात लावायची हिंमत होत नाही. योगीराज हे दुकान घेईल असे मला वाटत नाही, आणि का घेणार नाही हे लिहिणे भाग आहे.

आमच्या घरची एक रीत आहे, वडिलांपासूनची. ओले लाकूड कापून थप्पी लावायची. दरवर्षी खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की थप्पीच्या तळच्या ओंडक्यावर पटाशीने एक खाच पाडायची. तीन खाचा झाल्याशिवाय, म्हणजे लाकूड पुरते वाळल्याशिवाय, त्याला रंधा लावायचा नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो. झरीत आमचे नाव होते ते या रीतीमुळे.

चौदा वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या आठ दिवस आधी ओल्या सागाची एक थप्पी लागली. योगीराज तेव्हा परभणीला आयटीआयमध्ये शिकत होता. सकाळी पूजा करून मी तिला पहिली खाच पाडली. दुपारी भुजंग बाटली घेऊन आला. बाटली त्याने आणली, तोंड माझे होते. दिवेलागणीला मला वाटले की खाचा पाडायच्या राहूनच गेल्या. पटाशी घेऊन गेलो आणि त्याच ओंडक्यावर दुसरी खाच पाडली. पुढच्या थप्पीकडे वळणार तोच तानुबाईने मला ओढून आत नेले. सकाळी यातले काहीच आठवत नव्हते. पुढच्या खंडेनवमीला आणखी एक पाडली. खाचा मी पाडत असे, मोजत नसे.

त्याच हिवाळ्यात आमच्या गावच्या किशनरावांच्या राजेश्रीचे लग्न ठरले. आंदणाचे कपाट आमच्याकडे सांगितले होते. मी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी नांदेडला पडून होतो. योगीराज शिकून घरी आला होता. मी फोनवर त्याला म्हणालो, तीन खाचांची थप्पी फोड. त्याने मोजल्या, तीन होत्या. लाकूड होते सवा वर्षाचे. मी परत आलो तोवर कपाट तयार होऊन गेले होते. लोक म्हणाले, पोराचा हात बापापेक्षा चांगला बसलाय. मला ते आवडले नव्हते, हेही इथे लिहून ठेवतो.

उन्हाळ्यात कपाटाची दारे वाकली, फळी चिरली, कडी लागेना. राजेश्रीच्या सासरच्यांनी ते टेम्पोत घालून परत पाठवले आणि तिला येता-जाता टोमणे सुरू झाले. टेम्पो आमच्या अंगणात येऊन उभा राहिला तेव्हा बाजाराचा दिवस होता. किशनराव होते आणि निम्मे गाव होते. मी योगीराजला विचारले, लाकूड कोणते घेतलेस?

तो म्हणाला, "तीन खाचांचंच घेतलं, बाबा. ओंडका तिथंच हाय. चला, दावतो."

ओंडका दहा पावलांवर होता. मी गेलो नाही. मी त्याच्या कानाखाली मारली आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, "ज्याला खाचा मोजता येत न्हाईत, त्यानं रंध्याला हात लावायचा न्हाई." मग कुऱ्हाड त्याच्या हातात दिली आणि ते कपाट त्याच्याकडूनच फोडून घेतले. त्याने फोडले. संध्याकाळच्या एसटीने तो गेला.

त्या साली खंडेनवमीला मी पहिल्यांदा वाकून खाचा मोजल्या. त्याचे बोलणे डोक्यातून जात नव्हते. दोन असायला हव्या होत्या, तीन होत्या. त्यातल्या दोन खाचांच्या तळाला एकसारखी बारीक रेघ होती. थप्पी लागली त्या वर्षी, पूजेच्या दिवशीच, खाच पाडण्याआधी माझी पटाशी खिळ्यावर बसून धारेची खपली उडाली होती, तशा धारेने अशी रेघ उठते, आणि दुसऱ्याच दिवशी मी ती घासून काढली होती. म्हणजे दोन्ही खाचा एकाच दिवसाच्या, माझ्याच हातच्या. तेव्हा ती दिवेलागण तुटक तुटक आठवली. दारू त्या दिवसापासून सोडली. पोराला मात्र कळवले नाही. ओंडक्याचा तेवढा तुकडा करवतीने कापून खाटेखाली ठेवला, म्हणजे दुसरे कुणी मोजायला नको. तानुबाई मरेपर्यंत त्याच्या भोवतीने झाडत राहिली. तिला कळले होते असे मला वाटते.

तिच्या दहाव्याला योगीराज आला होता. निघताना उंबऱ्यात थांबला आणि म्हणाला, "बाबा, खाचा तीनच होत्या." मला खरे कळून तेव्हा सहा वर्षे झाली होती. मी म्हणालो, "एसटी चुकंल तुझी." त्यानंतर तो झरीला आला नाही.

५. म्हणून मी लिहून देतो की योगीराजने खाचा बरोबर मोजल्या होत्या. चूक माझी होती, आणि चुकीपेक्षा ती लपवणे मोठे. खाटेखालचा तुकडा त्याच्या हातात द्यावा. रेघ डोळ्यांना लवकर दिसत नाही, नख फिरवले की लागते.

६. माझी तिरडी उचलण्याआधी हा कागद आमच्या अंगणात, टेम्पो उभा होता त्या जागी, मोठ्याने वाचावा. त्या दिवशी हजर असलेल्यांपैकी जे हयात आहेत त्यांना बोलावणे धाडावे. वाचणाऱ्याने कानाखाली मारल्याची ओळ गाळू नये.

७. राजेश्रीची मी हात जोडून माफी मागतो. तिचे कपाट योगीराजने करून द्यावे असे बंधन मी घालत नाही, तो हक्क मला राहिलेला नाही. केलेच तर शेवटच्या थप्पीतून करावे. आजची धरून तिच्यावर बारा खाचा आहेत, प्रत्येक मोजून पाडलेली. न केल्यास थप्पी विकावी. माझ्या सरणाला ती लावू नये, मला बाभळ पुरे.

पुरवणी. वरचा मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. धम्मानंद गुरुजींनी चष्मा पुसला. किशनरावांनी पेन खाली ठेवले.

"सटवाजी, ह्ये मेल्यावर कशाला सांगायलायस? तू जित्ता हायस, पोरगं जित्तं हाय. लाव फोन. आदी फोन, मग माझी सही."

मी लावला. त्याने दुसऱ्या घंटीला उचलला. मागे खिळे ठोकल्याचा आवाज येत होता.

"बाबा? काय झालं? बरं हाय ना?"

सगळे ओठांवर आले होते. किशनराव समोर बसून मान हलवत होते, बोल, बोल. मी म्हणालो, "आज खंडेनवमी. हत्यारं पुजलीस का?"

तो म्हणाला, "हितली हत्यारं कंपनीची हायत, बाबा. कंपनी पुजती."

मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. किशनरावांनी माझ्याकडे पाहिले, पेन उचलले आणि सही केली. म्हणून हे मृत्युपत्र आहे तसेच कायम ठेवत आहे.

लिहून देणार: सटवाजी मरिबा पांचाळ
(सही वाकडी आली आहे. हात कापतो, पण माझीच आहे.)

साक्षीदार:
१. किशनराव ग्यानोबा गिराम, शेती, रा. झरी (राजेश्रीचे वडील)
२. धम्मानंद तुळशीराम खिल्लारे, निवृत्त शिक्षक, रा. झरी

ठिकाण: झरी, पांचाळांचे दुकान
दिनांक: १ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी