तुमची शिसवाची जोडी

अहो,

तुम्ही होतात तेव्हा कधी तुमचं नाव घेतलं नाही, आता कागदावर तरी कसं घेऊ? अक्षरं तुम्हीच शिकवलीत, तेव्हा चुका निघाल्या तर त्या तुमच्या. आज लिहायला बसले ती तुमच्यावर चिडून.

उद्या नागपंचमी. तालमीतली माणसं दुपारी येऊन गेली. उद्या सगळ्यांसमोर आपल्या माधवनं तुमची शिसवाच्या मुद्गलांची जोडी फिरवावी, असं त्यांचं म्हणणं. "वैनी, वस्तादाची जोडी त्यायच्या पोरानं नाई त कोनं फिरवाव?" तुमचे रामभाऊ म्हणाले. माधवचे डोळे चमकले.

कोणी कोणता व्यायाम करायचा, हे अर्ध्या अमरावतीला तुम्ही नेमून द्यायचात. कचेरीतला कारकून खांदा धरून आला की त्याचे दंड बंद आणि हलके मुद्गल सुरू. छाती फुगवायला नुसते दंड काढणाऱ्या पोरांना तुम्ही दोरावर चढायला लावायचात. "जेवढं ढकलता तेवढंच ओढा, बाबू. खांदा पुढून फुगून राह्यला अन् मांगून उपाशी हाये." आणि ती भिंतीची परीक्षा. पाठ भिंतीला चिकटवून हात सरळ वर न्यायचा. तो कानाला टेकला तरच वजन वाढवायचं, नाहीतर मुकाट्यानं उतरवायचं. इतकी सोपी परीक्षा तुम्ही स्वतः का नाही दिलीत?

तुमचा खांदा दुखतो, हे मला कळलं ते देवळात. तुम्ही घंटा डाव्या हातानं वाजवलीत. बाहेर आल्यावर विचारलं, "उजव्या हाताले काय झालं?"

"काई नाई झालं. चाल."

पण मला काय फसवता? तिळाचं तेल चोळताना तुमच्या खांद्यात करकर वाजायचं, जात्यात खडा आल्यासारखं. सदरा घालताना तुम्ही माझ्याकडे पाठ करायचात, तोंड दिसू नये म्हणून. किती विनवण्या केल्या मी, ही जोडी ठेवा, हलकी घ्या. तर म्हणालात, "डिप्टी कमिशनर साहेबासमोर फिरवली थे जोडी. आता पोट्ट्यायचे मुद्गल घेऊ काय मी?" लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तेव्हा म्हणायचं राहिलं, आता म्हणते.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात शेजारच्या गंगाबाई विहिरीत पडल्या. तुम्ही दोर धरून उतरलात, त्यांना दोराला बांधून वर पाठवलंत. मग वरच्यांनी दोर परत खाली सोडला. माणसं ओढायला तयार होती हो! कमरेला बांधून घ्या, असं वरून सगळे ओरडत होते. "मी चढतो," म्हणालात तुम्ही. वस्तादानं ओढून कसं घ्यावं?

मी काठावरच होते. अर्ध्यावर उजवा हात सुटला. तुम्ही वर पाहिलंत. "खांदा गेला वं," एवढंच म्हणालात, मग डावाही सुटला. खाली पाणी थोडं आणि दगड फार होते.

लोक सांगतात, ओला दोर निसटला. मीही मान हलवते. गंगाबाईंनी त्यानंतर माझ्याकडे मान वर करून पाहिलेलं नाही, आणि त्यांना काय सांगावं ते मला अजून सुचत नाही.

म्हणून आज मी रामभाऊंसमोरच माधवला म्हटलं, "भिंतीले पाठ लाव. हात वर कर." तो हसला. हात निघाला तो डोळ्यापर्यंत आला आणि थांबला. पुढे नेताना त्यानं पाठ वाकवली, चेहरा पांढरा पडला. तेव्हा कळलं, मी माहेरी बार्शीटाकळीला गेले की हा तुमची जोडी काढून फिरवायचा, कितीतरी महिने. मी खांद्यावर हात ठेवला तर आत तीच करकर. तुमच्या रूपाचं काही नाही आलं त्याच्यात, आला तो हा खांदा.

"दुखते काय रे?" रामभाऊंनी विचारलं.

"काई नाई झालं," तो म्हणाला.

तेच शब्द! रामभाऊ चपला घालून निघाले. माधव अजून जेवलेला नाही. बाईमाणसानं तालमीत तोंड घातलं, असं म्हणतो.

रागावू दे. तुम्ही कारकुनाला सांगितलं होतंत तेच मी त्याला सांगणार आहे. दंड बंद. हलके मुद्गल, पण हात पूर्ण फिरवायचा. दुखणं गेलं की दोर, तोही सावकाश. आणि दर शनिवारी माझ्यासमोर भिंतीला पाठ.

जोडी मात्र घरात ठेवणार नाही. दसऱ्याला तिला हळदकुंकू मीच लावत आले, हे मला ठाऊक आहे. तालमीला दिली तर तिथे दुसऱ्या कोणाचा मुलगा उचलेल. उद्या नागपंचमी, उद्या चिरायचं-कापायचं नाही. परवा सकाळी मी तिच्यावर कुऱ्हाड घालीन, हे तुम्हाला वचन. शिसव आहे, लवकर फुटायचं नाही. पण आत्ताच भिंतीला पाठ लावून पाहिलं. माझा हात कानाला टेकतो.

तुमची,
वच्छला