तुम्हाला कोंडलं ते दोन महिने

प्रिय बाबा,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. सगळ्या पंगतीसमोर मामा म्हणाला, "पोरगी असावी तं अशी! बापाची सेवा केली तं हिनंच." मी ताट तसंच सोडून उठले. म्हणून लिहितेय.

जिनिंगच्या कारखान्यात कापसाची धूळ खाऊन तुमची फुप्फुसं गेली. डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन लावून रोज चाला, पायांत ताकद राहिली तर दम कमी लागेल. छोटं सिलिंडर माझ्या पाठीवर, नळी तुमच्या नाकात. अकोल्याच्या त्या मैदानावर तुम्ही एका फेरीवरून चारवर गेलात! काय मिजास होती तुमची!

मग तो पळायला येणारा माणूस. "ए बुड्या, सिलिंडर फुटलं तं? मराचं तं घरी मर ना!" म्हणत त्यानं नळीच ओढली. तुमची काठी थेट त्याच्या कपाळावर बसली. रक्त पाहून लोक धावले. कुणी तुमची कॉलर धरली, कुणी मला ढकललं. मी शिकवते त्या शाळेतल्या दोन बाई उभ्या राहून बघत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून लाजेनं मी तुमचं फिरणं बंद केलं आणि शाळेत जाताना बाहेरून कुलूप लावू लागले. आई तेव्हा भातकुलीला, आजारी आजीपाशी. तिला फोनवर सांगितलं, बाबांनाच फिरायला नको वाटतं. खोटं!

दोन महिन्यांनी एका दुपारी आले, तर खिडकीची काच फुटलेली, तुमचा हात रक्तानं माखलेला. "काहून कोंडलं मले? मी ढोर हाय काय?" तुम्ही फेकलेला तांब्या माझ्या भुवईवर बसला. आणि मी तुमच्या थोबाडीत मारली. बापाच्या! वर ओरडले, "मरा एकदाचे!"

नळी निसटली. ओठ निळे पडले. तिसऱ्या खेपेला ती नाकात बसली. श्वास परत आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "अजून मार. पन फिराले ने."

सकाळी नेलं. अर्धी फेरीसुद्धा झाली नाही. पाय लटपटत होते आणि तुम्ही पायांनाच शिव्या देत होतात. मला का नाही दिल्या, बाबा? पुढच्या महिन्यात न्यूमोनियानं तुम्हाला नेलं.

भुवईवरचा वण दार लागून झाला, असं मी सगळ्यांना सांगते.

आई पलीकडच्या खोलीत वाती वळतेय. वचन देते, हे पत्र आत्ताच तिला वाचून दाखवीन. तिनं हात उगारला, तर मी तो धरणार नाही.

तुमची,
शालू