आईचा फोटो आणि तुझं कोपर

बालीगंज, कोलकाता
बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६

तीर्थस्वरूप मुकुंददादास,

यामिनीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. आठांपैकी दोन अंगं, म्हणजे दोन्ही गुडघे, सध्या नमस्कारात भाग घेत नाहीत.) तुझा खोकला गेला का? शारदावहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं तुझ्या आशिषनं कळवलं. बरं वाटलं. तुमच्या घरात निदान एक डोळा आता स्वच्छ पाहू शकतो, आणि या पत्राच्या विषयात त्या डोळ्याची गरज लागणार आहे. इकडे थंडी संपली. सकाळी दहाच्या सुमारास बाल्कनीत ऊन येतं, माझ्या खुर्चीच्या पायापासून सुरू होऊन तासाभरात मांडीवर चढतं, आणि मी त्याला चढू देते. निवृत्त माणसाचं एवढंच काम. ते मी वेळेवर करते.

पत्र का, फोन का नाही, असं तू विचारशील. फोन हाच यातला एक आरोपी आहे, आणि आरोपीच्या तोंडून तक्रार सांगायची माझी इच्छा नाही. दुसरा आरोपी तू आहेस. गेल्या गुरुवारी घराण्याच्या ग्रुपवर आईचा म्हणून जो फोटो आला, त्याखाली तू एकच शब्द लिहिलास, ‘हुबेहूब’, आणि पुढे जोडलेले हात. दादा, त्या फोटोतली बाई आपली आई नाही. ती कुणाचीच आई नाही. ती त्याच दिवशी दुपारी गडियाहाटच्या एका स्टुडिओत जन्माला आली, आणि मी तिच्या जन्माला हजर होते.

पहिल्यापासून सांगते, कारण तुला मधूनच ऐकायची सवय आहे. एकोणतीस मार्चला आईला शंभर वर्षं पूर्ण होतात. सांगलीत तुम्ही हॉल घेतलात, जेवण ठरवलंत, आणि स्टेजवर लावायचा आईचा मोठा फोटो माझ्याकडे सोपवलात, कारण मी घरातली कलाकार. (चौतीस वर्षं मी बिस्किटांच्या, चहाच्या आणि पावडरीच्या डब्यांची झाकणं रंगवली तेव्हा घरात कुणी मला कलाकार म्हटलं नाही. ‘यामिनी डब्यांच्या कारखान्यात आहे’ असं सांगायचे. जणू मी पत्रा कापत होते.) शिवाय आई हसते आहे असा जगातला एकमेव फोटो माझ्याकडे आहे. लाँचवरचा. एकसष्ट सालचा.

तुला तो आठवतो असं तू म्हणशील, पण आता माझा तुझ्या म्हणण्यावर विश्वास राहिलेला नाही, म्हणून वर्णन करते. आपण हावड्याहून नदी ओलांडून परत येत होतो. बाबांकडे तो डबा कॅमेरा होता, एका रोलमध्ये बारा फोटो, आणि बारा फोटो बाबा दोन वर्षं पुरवायचे. त्यामुळे आपल्याकडे फोटो काढणं म्हणजे जवळजवळ सत्यनारायण. केस विंचरा, सरळ उभे राहा, श्वास घ्या, आणि बाबा एक-दोन-तीन म्हणणार. तीनला पापणीसुद्धा हलायची नाही. म्हणूनच आपल्या सगळ्या फोटोंत आपण पोलिसांनी पकडल्यासारखे दिसतो. त्या दिवशी बाबांनी दोन म्हटलं आणि वाऱ्यानं तुझी टोपी उडाली. तू ती धरायला हात टाकलास, आई तुझ्याकडे वळून हसली, आणि बाबा सवयीनं तीन म्हणून मोकळे झाले. फोटोत तू नाहीस. उजव्या कडेला तुझं फक्त कोपर आहे. मी मध्ये, शिस्तीत, मूर्खासारखी ताठ. आणि आई पुसट. नऊवारी, काष्टा, कपाळावर कुंकवाचा डाग, आणि तोंडाच्या जागी हसण्याची नुसती हालचाल. मागे नदी असायला हवी, पण उन्हानं ती पार पांढरी झाली आहे. लाँच कुठल्याच काठाला लागत नाहीये, मधल्या मध्येच कुठेतरी थांबली आहे, असं वाटतं.

बाबा तो फोटो वाया गेला म्हणाले आणि महिनाभर तुझ्याशी टोपीवरून बोलत राहिले. मी तो मागून घेतला. मला वाटतं, मी जे काही थोडंफार शिकले ते त्या फोटोकडून. शाळेत सिस्टर ॲग्नेस शिवणात आणि चित्रकलेत एकच गोष्ट सांगायच्या, कडेला जागा सोड, मुली, श्वास घ्यायला जागा सोड. मला ते समासाबद्दल वाटायचं. पुढे कारखान्यात साहेब झाकणावर मोकळी जागा दिसली की अस्वस्थ व्हायचे, इथे एक गुलाब टाका म्हणायचे, आणि मी हो म्हणून टाकायची नाही. मोकळ्या जागेत बघणारा माणूस स्वतःचं काहीतरी ठेवून देतो. बाल्कनीत बसून मी लाँचवरचा फोटो मांडीवर घेते, ऊन त्याच्यावरून सरकत जातं, आणि त्या पांढऱ्या नदीवर कधी धुकं असतं, कधी दुपार असते, एकदा तर मला भोंगासुद्धा ऐकू आला. (तो खाली गॅरेजमध्ये मागे येणाऱ्या गाडीचा होता. पण दोन मिनिटं तो लाँचचाच होता.)

असा फोटो घेऊन मी सलीलबाबूंकडे गेले. सलीलबाबू म्हणजे गडियाहाटचे जुने फोटोग्राफर. साठ-पासष्टचे, सज्जन, पूर्वी काळोख्या खोलीत तासन्‌तास उभे राहून एकेक फोटो धुणारे. मी सांगितलं, फक्त मोठा करा, कशालाही हात लावू नका. ते म्हणाले, दिदी, आता आम्ही कुठे हात लावतो, आता मशीनच सगळं करतं, तुम्ही चहा घ्या. चहा आला. चहा निवायच्या आत पासष्ट वर्षं पुसट असलेली आई खाडकन स्पष्ट झाली.

काय काय झालं ते ऐक. यंत्राला कुंकू डाग वाटलं, म्हणून त्यानं ते पुसलं. समोर बाबा कॅमेरा धरून धडधाकट उभे, आणि इकडे आईचं कपाळ पांढरं. मी किंचाळले नाही, कारण आम्हांला शाळेत किंचाळायला शिकवलेलं नाही, पण मी ज्या आवाजात ‘सलीलबाबू’ म्हटलं त्यानं पलीकडच्या मिठाईवाल्यानं मान वर केली. ते बिचारे घाबरले. सवाष्ण बाईचा अपमान नको म्हणून त्यांनी तातडीनं आपल्या हातानं रुपयाएवढी लाल टिकली लावली, आणि मन भरलं नाही म्हणून भांगात लांबलचक सिंदूरही घातला. वाईच्या जोशांची लेक दोन मिनिटांत बंगाली घरात पडली. काष्टा यंत्राला साडी फाटल्यासारखा दिसला असावा, तो सोडून त्यानं तिला घोट्यापर्यंत निऱ्या दिल्या. आठवतं, आई लाँच पुरती लागायच्या आत फळीवर उडी मारायची आणि सगळा धक्का बघत राहायचा? या बाईला त्या साडीत फूटपाथवरून उतरता येणार नाही. पांढऱ्या नदीच्या जागी निळे डोंगर आले. हावड्याच्या बाजूला, दादा, डोंगर. आणि तुझं कोपर, एकसष्ट सालापासून टोपीसाठी हवेत असलेलं तुझं कोपर, ते यंत्राला कळेना, म्हणून तिथे त्यानं फुलदाणी ठेवली. आता ती बाई फुलदाणीकडे बघून हसते आहे. सरळ, शुभ्र, बत्तीसच्या बत्तीस दात दाखवून.

घरी येऊन मी फोनवर लिहायला बसले. हा फोन आशिषनं दिवाळीत दिला. (त्याला आशीर्वाद सांग. वस्तू चांगली आहे, फक्त आगाऊ आहे. मी पेरूचा फोटो काढला की तो पेरू अधिक हिरवा करतो. खिडकीतल्या संध्याकाळचा काढला की त्याला ती अंधारी वाटते आणि तो दिवस परत आणतो. दर रविवारी माझ्या न मागितलेल्या आठवणी संगीत लावून दाखवतो. त्यात गेल्या खेपेला गॅस सिलिंडरची पावती होती, व्हायोलिनसह.) मला तो भयंकर फोटो फक्त आशिषला पाठवायचा होता, बघ तुझ्या पिढीनं काय केलं म्हणून. तो गेला ग्रुपवर. मग मी त्याखाली खुलासा लिहायला घेतला. मी पूर्ण वाक्यं लिहिते, स्वल्पविराम देते, एका बोटानं लिहिते. बावीस मिनिटं लागली. तेवढ्यात एकतीस जणांनी हात जोडले होते, विजयाच्या सुनेला रडू आलं होतं, कुणीतरी आजीचे डोळे किती बोलके लिहिलं होतं, आणि सगळ्यांच्या खाली, घरातला सर्वांत मोठा म्हणून अखेरचा शब्द असल्यासारखं, तुझं हुबेहूब. माझा खुलासा मी पाठवला नाही. बत्तीस माणसं एकदम खोटी पाडायची म्हणजे फार टायपिंग आहे.

त्यांचं मला काही नाही. त्यांनी आईला पाहिलेलं नाही. तू पाहिलंस. त्या दिवशी लाँचवर तूही होतास, आणि तुला तुझं कोपर गेलेलंसुद्धा कळलं नाही.

मला त्या यंत्राचा राग आहे तो ते चुकतं म्हणून नव्हे. मीही चुकले आहे. एका पावडरीच्या डब्यावर मी मोराला सहा बोटं काढली होती आणि तो डबा अकरा वर्षं खपला. राग याचा आहे की त्याला ‘माहीत नाही’ म्हणता येत नाही. जिथे माहीत नाही तिथे ते थांबत नाही, चाचरत नाही, चहा घेत नाही. सरळ दात बसवतं. पूर्वी आम्ही रंगाची वाटी पुढ्यात घेऊन अर्धा दिवस नुसतं खिडकीबाहेर बघायचो, आणि साहेब म्हणायचे काम चालू आहे का, आणि खरोखर तेव्हाच ते चालू असायचं. त्या बघण्यात कधी चित्र यायचं, कधी नाही यायचं. नाही आलं तर घरी जायचो. हे यंत्र बिचारं कधीच घरी जात नाही.

तर मी ठरवलं आहे. सांगलीच्या स्टेजवर फुलदाणीवाली बाई लागणार नाही. आईचं चित्र मी स्वतः हातानं काढते आहे, दोन फूट बाय तीन फूट. सुरुवात झाली. काष्टा उत्तम आला आहे. कुंकू जागेवर आहे. चौतीस वर्षांचा हात आहे, मला कुणाला काही विचारायची गरज नाही. पुढच्या आठवड्यात रंग भरून होतील. शारदावहिनींना नमस्कार. त्यांना डोळ्यात थेंब वेळेवर घालायला सांग. आशिषला आणि मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझी,
यामिनी

ता. क. – पुढच्या आठवड्यात रंग भरून होतील असं वर म्हटलं आहे, ते जरा पुढे जाईल. चेहरा राहिला आहे.

ता. क. २ – चेहरा म्हणजे तोंड राहिलं आहे. आईचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता, हसली की तोच आधी दिसायचा. तो कुठल्या बाजूचा हे मी चार दिवस आठवते आहे. मी आईला सर्वांत जास्त पाहिलं ते आरशात. रोज शाळेआधी ती मागे उभी राहून माझ्या वेण्या घालायची आणि आम्ही दोघी आरशातून बोलायचो. आरशात मला तो दात डावीकडे आठवतो. स्वयंपाकघरात समोरासमोरही डावीकडेच आठवतो. दोन्ही खरं असणं शक्य नाही. मी दोन्ही काढून पाहिले. दोन्हींत ती आईच दिसते, आणि मग थोड्या वेळानं दोन्हींत दिसत नाही. मला माहीत नाही, दादा.

ता. क. ३ – एक सांगायचं राहिलं. फोन आपल्या आपण माणसांचे चेहरे वेगवेगळे लावून ठेवतो. फुलदाणीवाल्या बाईला त्यानं नवी व्यक्ती म्हणून वेगळं ठेवलं आहे आणि ही कोण म्हणून मला दोनदा विचारलं. लाँचवरची पुसट आई मात्र त्यानं न विचारता माझ्या फोटोंत घातली. म्हणून मी माझाच चेहरा बघून दात काढायला गेले. तर माझे सगळे दात दंतवैद्यानं केलेले, सरळ, त्या बाईसारखेच.

ता. क. ४ – तुला वेण्या नव्हत्या. तू जेवायला तिच्यासमोर पाटावर बसायचास आणि ती तुला हसायची, कारण तू आमटी सांडायचास. तर डोळे मिट, आमटी सांड, आणि ती हसली की बघ. मग कागदावर पेन्सिलीनं काढून पोस्टानं पाठव, फोनवर नको. तुझं चित्र वाईट येईल. चालेल. तुलाही आठवलं नाही तर हुबेहूब लिहू नकोस, सरळ ‘माहीत नाही’ लिही. मग लाँचवरचा पुसट फोटोच मोठा करून लावू. तिथे ती कशाला हसते आहे ते तरी दिसतं. उजव्या कडेला तुझं कोपर आहे.