सेनापतीचा व्रण

ताई,

हे पत्र टाकायचा धीर मला होणार नाही, म्हणूनच खरं लिहिते.

आमच्या अ‍ॅनिमे मालिकेतली सेनापती मी तुझ्यावरून काढली, हे तू तुझ्या ज्यूदोच्या वर्गातल्या सगळ्या पोरींना सांगून बसली आहेस. लहानपणी माझ्यावर सांडणारं उकळतं पाणी तू अंगावर घेतलंस, त्याचा गळ्यापासून पोटापर्यंतचा व्रण मी तिला दिला होता. शेवटच्या लढाईत ती चिलखत उतरवणार आणि तो व्रण बघून सगळं सैन्य तिच्यामागे उभं राहणार, असं ठरलं होतं.

मग दिग्दर्शकांनी पहिल्याच भागापासून तिच्या अंगावर चिलखताच्या फक्त दोन पट्ट्या ठेवल्या. म्हणाले, "बाई सबळ आहे ना? मग लाजेल कशाला?" मी मनात म्हटलं, असू दे, निदान व्रण तरी दिसेल. तर म्हणाले, "तो तेवढा पुसून टाका. बघवत नाही."

मीच पुसला, ताई, एकेका चित्रातून. म्हटलं, परक्या हाताने नको. खाली गुळगुळीत कातडी उरली आहे, ती कुणाचीही असू शकते.

उद्या पहिला भाग लागतोय. भर उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणं लावणारी तू परवा फोनवर हसत म्हणालीस, "ती आली की मीपण वरचं बटण उघडून वर्गात जाणार."

उघडू नकोस गं.

तुझी धाकटी