अम्मीचा गुडघा, रिझवानचा गॉगल

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

सापडलं! बहुतेक सापडलं!

अम्मीच्या गुडघ्याचा एक्स-रे आज पुन्हा उजेडात धरला. झीज आहे, पण फार नाही. आणि दोन हाडांच्या मधे एक पांढरी रेघ – बारीक, चुन्याची ओढल्यासारखी! कॅल्शियमचे खडे असतील का? गाउटचा हा चुलतभाऊच. तिथे युरिक अ‍ॅसिडचे खडे, इथे कॅल्शियमचे. सूज तीच, ठणका तोच. अम्मीचं युरिक अ‍ॅसिड नॉर्मल आलं म्हणून मी तो विषयच सोडून दिला होता!

नांदेडच्या डॉक्टरांनी कृत्रिम सांध्यासाठी सोमवारची तारीख दिलीय. अम्मीनं त्यांना एकच विचारलं होतं, "उसके बाद जमीन पे सजदा होगा?" ते म्हणाले, गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावणं विसरा, खुर्चीवरच नमाज पढा. तशी ती आताही खुर्चीवरच पढते. पण त्या दिवसापासून त्या खुर्चीकडे रागानं बघते. आणि रमजान तोंडावर.

१३ फेब्रुवारी

खडे बघायचे तर गुडघ्यातलं पाणी काढायला हवं, पण अम्मी सुईला तयार नाही. "मेरेकू नक्को." त्यात शेजारच्या नर्मदाबाई ओली हळद किसून लेप घेऊन हजर. आमच्या कुरुंद्यात हळदीचा हंगाम सुरू, मग काय! "काहून टोचून राहिल्या तिला? हळदीनं उतरंल, बराबर उतरंल!" महिनाभर ऐकतेय.

१४ फेब्रुवारी

तयार झाली!! लेप पुसला, गुडघा धुतला, सुई घातली – गढूळ पिवळं पाणी, सिरिंजभर. अर्धं जंतू तपासायला नांदेडला पाठवलं.

माझ्या छोट्या दवाखान्यात साधाच मायक्रोस्कोप. पण भावाचा, रिझवानचा, नवाकोरा पोलराइज्ड गॉगल होता ना! दोन्ही काचा काढल्या. एक नमुन्याच्या खाली, एक वर आडवी – की सगळा अंधार, फक्त खडे चमकतात. आणि चमकले! चांदण्यांसारखे! मी ओरडलेच. रिझवानही ओरडला – गॉगलसाठी.

अम्मीला सांगून टाकलं, ऑपरेशन नाही! तिनं गल्लीत पेढे वाटले.

संध्याकाळी – गाढव आहे मी. पुन्हा नीट पाहिलं. गोल गोल दाणे, प्रत्येकात काळी फुली. खडे असे नसतात. हे हळदीतलं पीठ! लेप उघड्या हातानं पुसला, मग हातमोजे घातले, आणि नमुन्यावर काच ठेवताना ते काढले. नखं अजून पिवळी आहेत.

अम्मीला सांगितलं. "अच्छा," म्हणाली. पेढ्यांचा रिकामा खोका मांडीवर होता. मला रडू आलं.

१५ फेब्रुवारी

नळीत थोडं पाणी उरलं होतं! हात घासून घासून धुतले, नवी काच घेतली. बराच वेळ काही नाही. मग एक – इवलासा, चौकोनी, जरा कललेला, चमक मंद. पेशीच्या पोटात! मग दुसरा, तिसरा. फुली कुठेच नाही!!

नांदेडला फोटो पाठवले. डॉक्टरांचा फोन आला – "कॅल्शियमचेच खडे. सोमवारचं थांबवू. जंतू नसतील तर इंजेक्शन द्या." अम्मीला अजून एक शब्द बोलले नाही. रिपोर्ट येईपर्यंत तोंड शिवून ठेवणार.

१७ फेब्रुवारी

जंतू नाहीत! इंजेक्शन दिलं. खडे विरघळवणारं औषध नाही, पण सूज तरी उतरेल. अम्मी हळूच म्हणते, "पेढे मंगाऊ क्या?" म्हटलं, अम्मी, थांब गं!

२० फेब्रुवारी

गुडघ्याची वाटी दिसायला लागली! नर्मदाबाई सगळ्यांना सांगत सुटल्यात, "पाहा, माझी हळद लागू पडली!" पडू दे. आज मी कुणाशीही भांडणार नाही.

२३ फेब्रुवारी

दवाखाना उघडायला गेले तर दारात अम्मीची नमाजची खुर्ची. शेजारी रिझवान, गॉगलविना उन्हात डोळे बारीक करून उभा.

"अम्मीनं पाठवली. म्हणाली, पेशंटां बैठेंगे. मेरेकू अब नक्को."